खिशात मावणारं पिस्तूल निवडताना: अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी

"एखादं छोटंसं पिस्तूल सुचव ना, खिशात मावेल असं, फार महाग नको." असा निरोप आला की मी आधी उलटा प्रश्न विचारते: तुझा व्हिसा कोणता? समोरचा गोंधळतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, जमलं तर कुठे स्वस्त मिळेल तेही. पण इथे टेक्सासमध्ये दुकानात पिस्तूल मिळणं इतकं सोपं आहे की ते आपल्याला घेता येतं का, हा प्रश्नच मनात येत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी व्हिसा

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट (म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. काडतूससुद्धा नाही. मग राज्य टेक्सास असो की न्यू जर्सी. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे, आणि शस्त्राचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचंही कारण ठरतं. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना ही आडकाठी नाही.

एक अपवाद कायद्यातच आहे: कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसालाही बंदूक घेता येते. शिकार करायलाच हवी असं नाही. पण टेक्सासचं वार्षिक लायसन्स वर्षात कधीही काढलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं नसेल तर कपाटातलं पिस्तूल त्या दिवसापासून गुन्हा. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाने एका तारखेवर एवढं टांगून ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी घ्यायचंच असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारून, लेखी उत्तर घेऊन मग.

आपल्या घरांमध्ये आणखी दोन गोष्टी हमखास घडतात. भारतातून आई-बाबा आले की त्यांना गंमत म्हणून नेमबाजीच्या रेंजवर नेलं जातं. ते बी-२ या पर्यटक व्हिसावर असतात, आणि भाड्याचं पिस्तूल त्यांच्या हातात देणंसुद्धा कायद्याच्या कचाट्यात येतं. फोटोचा मोह आवरा. दुसरं म्हणजे नवरा नागरिक आणि बायको एच-४ वर, किंवा उलट. अशा घरात पिस्तूल असेल तर तिजोरीची किल्ली आणि कोड फक्त पात्र माणसाकडेच असायला हवा, नाहीतर ते दोघांच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. आणि "मला घेता येत नाही, तू तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो" हा व्यवहार तर सरळ सरळ वेगळा संघीय गुन्हा आहे. मैत्रीखातर असल्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला, झोप यावी म्हणून कुणी गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) खात असलं, तरी संघीय कायद्याच्या लेखी नियमित सेवन करणारा माणूस अपात्र आहे. यावर कोर्टात वाद चालू आहेत, पण दुकानातल्या फॉर्मवर तो प्रश्न आहे आणि खोटं उत्तर देणं हा गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही मनाई आहे.

राज्यांचे नियम याशिवाय वेगळे. टेक्सासमध्ये विकत घ्यायला वेगळा परवाना नाही. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून स्वतंत्र परमिट काढावं लागतं. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र) आणि पैसे भरल्यावर ७२ तास थांबणं. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेट, १० दिवसांची वाट, शिवाय राज्याने मंजूर केलेल्या मॉडेलांची यादी. पुढे जी नावं येतील त्यातली काही तिथे दुकानात दिसणारच नाहीत. राज्य बदललं की आधी तिथला नियम वाचायचा.

खरंच खिशातलंच हवंय का?

बऱ्याच जणांची गरज ऐकली की ती खिशातल्या पिस्तुलाची नसते. रात्री घरात कुणी घुसलं तर, अशी भीती असेल तर मोठं, जड, नेम धरायला सोपं पिस्तूल तिजोरीत ठेवा. ते खिशात मावण्याशी कुणाला काय देणंघेणं? गॅस स्टेशनच्या किंवा मोटेलच्या काउंटरमागे दिवसभर उभं राहणाऱ्यालाही तेच लागू. संध्याकाळी पार्किंगपर्यंत एकटीने चालत जाताना मोकळे कुत्रे आणि नशेत अडवणारे लोक एवढीच काळजी असेल तर १५ डॉलरचा पेपर स्प्रे पुरतो आणि चूक झाली तर माणूस मरत नाही.

खिशातलं पिस्तूल अशा माणसासाठी, ज्याला दुसरं काहीही रोज अंगावर बाळगणं जमणार नाही: ऑफिसात शर्ट पँटमध्ये खोचावा लागतो, कमरेला काही लावलं की दिसतं, टेक्सासच्या उन्हात जॅकेट घालणं अशक्य. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका त्याचा झटका हाताला जास्त, नेम कठीण आणि बिघाडाची शक्यता अधिक. छोटं म्हणजे नवशिक्यासाठी, बायकांसाठी, हा समज दुकानाच्या काउंटरवरही पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. म्हणून माझा नियम साधा: खिशात मावणाऱ्यांतलं सगळ्यात लहान नव्हे, सगळ्यात मोठं घ्या.

खिसा मोजा

दुकानात जाण्याआधी घरी एक काम करा. रोजच्या पँटच्या पुढच्या खिशाची खोली आणि तोंडाची रुंदी टेपने मोजा. या वर्गातली पिस्तुलं साधारण साडेपाच इंच लांब, चार ते साडेचार इंच उंच आणि इंचाच्या आसपास जाड असतात. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) धरून आणखी अर्धा इंच. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून खिशात घाला, हात आत घालून मुठीत पकडा, बाहेर काढा. मूठ खिशाच्या तोंडात अडकली तर पँट बदलायची किंवा विचार. खुर्चीत बसूनही करून बघा. गाडीत सीटबेल्ट लावून बसल्यावर पुढच्या खिशातून काहीही काढणं जवळपास अशक्य असतं, हे आधी कळलेलं बरं.

बायकांच्या पँटचे खिसे म्हणजे नुसती शोभा, कुर्त्याला असला तर एक, लेगिंग्जला नाहीच. मग उत्तर येतं "पर्समध्ये ठेवीन". ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला, पिस्तूल सुटलं आणि ती जागीच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी खास कप्पा असलेलीच होती. पर्स खुर्चीला लटकते, मैत्रिणीकडे दिली जाते, चोर आधी तीच ओढतो. खोल खिशांची कार्गो किंवा पुरुषांच्या कटची पँट घ्या, नाहीतर पोटावर बांधायचा, ट्रिगर कडक कवचाने झाकणारा पट्टा बघा. पर्स नको.

हात काय म्हणतो

आता दुकान. काउंटरवरचा माणूस पिस्तूल देताना मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढून, स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामं दाखवतो. हातात आल्यावर तुम्हीही पुन्हा तसंच तपासा, तोंड कुणाकडेही नको, बोट ट्रिगरवर नको. यात लाजण्यासारखं काही नाही. उलट दुकानदार तुम्हाला तिथेच ओळखतो.

पहिली परीक्षा स्लाइडची. लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी, म्हणून तिला आवरायला आतली स्प्रिंग ताठ, आणि पकडायला जागा बोटाच्या पेरांएवढी. ओळखीतल्या एका वहिनींबरोबर गेले होते. साठीच्या, बोटांचे सांधे सुजलेले. नवऱ्याने नेटवर बघून ठरवलेलं मॉडेल त्यांच्याने अर्धंही मागे जाईना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सवय होईल." सवय होत नसते, सांधेदुखी वाढते. वहिनींनी शांतपणे ते परत ठेवलं आणि विचारलं, "याची नळी वर उघडते असं काही नाही का?" कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं असावं. आहे, बेरेटाचं टॉमकॅट. एक खटका दाबला की नळीचं मागचं टोक वर उचललं जातं, गोळी हाताने आत ठेवायची, नळी खाली दाबायची. स्लाइड ओढायचीच नाही. गोळी .३२ ची (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात). वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, ट्रिगरची पहिली ओढ लांब आणि जड, पण वहिनींच्या बोटाला ती जमली.

स्लाइड ओढण्याची एक युक्ती मात्र प्रत्येकाने शिकावी. उजव्या हातात पिस्तूल छातीजवळ आणि तोंड सुरक्षित दिशेला, डाव्या हाताची चारही बोटं आणि तळवा स्लाइडवर वरून घट्ट, आणि मग डावा हात मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. यात दंडाची ताकद लागते, बोटांची कमी. निम्म्या लोकांची अडचण इथेच सुटते.

दुसरी परीक्षा ट्रिगरची. दुकानदाराची परवानगी घेऊन, रिकाम्या पिस्तुलाचा चाप सावकाश ओढा आणि पुढच्या साइटकडे (नेम धरायच्या खुणेकडे) बघा. ती डगमगते का? लांब, जड ओढ खिशात सुरक्षित वाटते, पण नेम हलवते. आखूड, हलकी ओढ नेमाला चांगली, पण खिशात चांगल्या होल्स्टरशिवाय धोक्याची. वेगळं सेफ्टी बटण (चाप अडवून ठेवणारा खटका) हवं की नको यावर इथे भांडणं होतात. मला वाटतं, नवीन माणसाने बटण असलेलं घ्यावं, पण बाहेर काढताना ते अंगठ्याने खाली करण्याचा सराव रोज करणार असाल तरच. न केल्यास ते ऐनवेळी दगा देतं.

गोळी कोणती

या वर्गात मुख्य गोळी .३८० एसीपी. बंदुकांचा अमेरिकी रचनाकार जॉन ब्राउनिंगने १९०८ मध्ये काढली, .३२ एसीपी त्याच्याही आधीची, १८९९ ची. दोन्ही शंभरी ओलांडलेल्या, आणि दोन्ही मर्यादित ताकदीच्या.

१९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने हँडगनच्या गोळीसाठी कसोटी ठरवली: प्रमाणित जेलीत १२ ते १८ इंच आत जायला हवी. अडीच-पावणेतीन इंचांच्या नळीतून सुटलेली .३८० या कसोटीवर कशीबशी बसते. पोकळ टोकाची गोळी (लागल्यावर फुलून रुंद व्हावी अशी केलेली) फुलली तर बऱ्याचदा १२ इंचांच्या आधीच थांबते. जाड कपड्यातून जाताना पोकळी भरली तर फुलतच नाही. म्हणून .३८० साठी गोळी निवडताना फुलण्यापेक्षा खोलवर जाण्याला महत्त्व द्या आणि तुमच्याइतक्याच आखूड नळीतून झाडून बघितलेल्या चाचण्याच ग्राह्य धरा. न्यू जर्सीकरांनी लक्षात ठेवा: तुमच्याकडे पोकळ टोकाची गोळी घरात चालते, अंगावर बाळगून बाहेर फिरायला नाही.

.३२ चा झटका खूपच सौम्य. केल-टेकचं १९९९ चं पी-३२ रिकामं असताना जेमतेम १८७ ग्रॅम भरतं. पण .३२ च्या काडतुसाच्या बुडाला किंचित कंगोरा असतो. पोकळ टोकाची गोळी लांबीला आखूड, त्यामुळे ती मॅगझीनमध्ये पुढे-मागे सरकते, वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या मागे जाऊन बसतो आणि मॅगझीन ठप्प. हा अडथळा झटक्यात सुटत नाही. म्हणून .३२ घ्यायचंच तर पूर्ण लांबीची, साध्या गोल टोकाची गोळी वापरा.

.२२ स्वस्त, पण तिचं दारू पेटवणारं रसायन बुडाच्या काठात पसरलेलं असतं आणि न पेटण्याचं प्रमाण जास्त. हात फारच अशक्त असेल तर रुगरचं एलसीपी टू लाइट रॅक हे .२२ चं पिस्तूल बघा, स्लाइड खरंच सोपी आहे.

नावं

आजचा बाजार रुगर एलसीपीने घडवला. २००८ मध्ये ते आलं, २७० ग्रॅमच्या आत, ६ गोळ्या मॅगझीनमध्ये. त्याच वर्षी पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून कंपनीने ३७० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची पिस्तुलं परत बोलावली. आज कुणी जुनं एलसीपी स्वस्तात देत असेल तर आधी क्रमांक बघा आणि कंपनीला विचारा. मूळ एलसीपी स्वस्त पडतं, पण त्याच्या साइट म्हणजे स्लाइडवरचे दोन उंचवटे आणि झटका अंगठ्याच्या बेचक्याला बोचतो.

माझी पहिली शिफारस त्याच घराण्यातलं २०२१ चं एलसीपी मॅक्स: ३०० ग्रॅम, मॅगझीनमध्ये १० गोळ्या, आणि खऱ्याखुऱ्या साइट. बरोबरीला स्मिथ अँड वेसनचं २०२४ चं बॉडीगार्ड २.०, तेही १० गोळ्यांचं आणि थोडं हलकं, ट्रिगर त्याहून सरस. दोन्हींत सेफ्टी बटणासह आणि बटणाशिवाय अशा आवृत्त्या मिळतात, दोन्ही दुकानागणिक साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरच्या आसपास. यातलं कुठलं, हे हातात धरून ठरवा. मला स्वतःला बॉडीगार्डची मूठ बसते.

ग्लॉक ४२ थोडं मोठं, मॅगझीनमध्ये ६ च गोळ्या, पण .३८० मध्ये नेमबाजीला इतकं आरामशीर दुसरं पटकन सापडत नाही. ते ऑस्ट्रियात नाही, जॉर्जिया राज्यात बनतं. १९६८ च्या कायद्यामुळे ठराविक मापापेक्षा लहान पिस्तुलं विक्रीसाठी आयात करता येत नाहीत, म्हणून परदेशी कंपन्यांना इवलं पिस्तूल इथेच बनवावं लागतं. सिग पी३६५ नऊ मिलिमीटरचं, अर्ध्या किलोचं. मोठ्या खिशात जातं, आणि जात असेल तर मी तेच घे म्हणेन.

रिव्हॉल्व्हरचंही एक नाव घ्यायला हवं: स्मिथ अँड वेसन ६४२, पाच गोळ्या, .३८ स्पेशल, घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) आत लपलेला, त्यामुळे खिशात काही अडकत नाही. स्लाइडची भानगडच नाही. पण ट्रिगर जड आणि झटका या सगळ्यांत वाईट. "बायकोसाठी घेतलं" म्हणून आणलेली ही रिव्हॉल्व्हरं पाच गोळ्यांनंतर कायमची कपाटात जाताना पाहिली आहेत.

शंभर-दीडशे डॉलरची, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली जुनी पिस्तुलं गहाणवट्याच्या दुकानात दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एकूण खर्च

पिस्तूल ४०० चं धरलं तर हातात किमान ८०० हवेत. होल्स्टर २५ ते ५०. कान-डोळ्यांचं संरक्षण ५०. तिजोरी १०० च्या पुढे. दोन जादा मॅगझीन. आणि गोळ्या: .३८० च्या सरावाच्या ५० गोळ्या १५ ते २० डॉलरला, स्वसंरक्षणाच्या २० ते २५ गोळ्यांना तेवढेच किंवा जास्त. उरलेल्या पैशात प्रशिक्षकाचा वर्ग. एवढं बजेट नसेल तर पिस्तूल स्वस्त शोधण्यापेक्षा सहा महिने थांबा. गोळ्यांवर कंजूषी केलेलं पिस्तूल म्हणजे नुसतं खिशातलं ओझं.

कागदपत्रं

संघीय कायद्यात परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं. फोटो ओळखपत्रावर सध्याचा पत्ता हवा. ग्रीन कार्ड असेल तर तेही. खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तपासणी करतो. बहुतेकांचं काही मिनिटांत होतं, पण आपल्या नावांच्या स्पेलिंगमुळे कधी "थांबा" असं उत्तर येतं. घाबरायचं कारण नाही. ऑनलाइन घेतलं तरी पिस्तूल तुमच्याच राज्यातल्या परवानाधारक दुकानात येतं आणि हा फॉर्म तिथेच भरावा लागतो.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना काढाच. शुल्क ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग. कारण व्यावहारिक आहे: संघीय कायद्यात शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेणं गुन्हा आहे, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. मुलांना सोडायला जाणाऱ्या आई-बापांनी हे दोनदा वाचावं. परवान्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडायच्या असतात. दुकानं आणि मंदिरं दारावर मनाईची पाटी लावू शकतात. पाटी दिसली की पिस्तूल आत न्यायचं नाही.

रेंजवर

नवं पिस्तूल आणलं की आधी सुटं करून पुसा, तेलाचा थेंब द्या. मग दोनशे साध्या गोळ्या आणि खिशात ठेवणार त्याच जातीच्या किमान पन्नास. एका बैठकीत नको, हात सोलवटेल. पहिल्या पन्नासात एखादा अडथळा चालतो. शेवटच्या शंभरात एकही नको. अडलंच तर मनगट ढिलं आहे का ते आधी बघा, हलक्या पिस्तुलात हे फार घडतं. मग मॅगझीन बदलून बघा. तरीही अडत असेल तर कंपनीकडे परत.

लक्ष्य ३ यार्डांवर लावा, नंतर ५, नंतर ७. पंधरा यार्डांवरून गोळ्या पांगल्या म्हणून खट्टू होऊ नका. एकेक गोळी, प्रत्येकीला चाप सरळ मागे. वेग नंतर. शिशाचे कण हवेत असतात, म्हणून रेंजवरून आल्यावर हात-तोंड गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे. गरोदर असाल तर बंदिस्त रेंज टाळाच.

रिकामं करताना क्रम कधीही चुकवू नका: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. स्लाइड आधी ओढली तर चेंबरमधली गोळी पडते आणि मॅगझीनमधली नवी आत जाते. माणसाला वाटतं रिकामं झालं. "रिकाम्या" पिस्तुलातून सुटलेल्या कितीतरी गोळ्यांची कथा हीच आहे.

खिशात कसं ठेवायचं

होल्स्टरशिवाय एक पाऊलही नाही. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि बाहेरून खरबरीत हवं, म्हणजे पिस्तूल ओढल्यावर ते खिशातच राहतं. त्या खिशात दुसरं काही नको: किल्ली नाही, नाणं नाही, च्युइंगमचा कागद नाही. परत ठेवताना पिस्तूल खिशातल्या होल्स्टरमध्ये चाचपडत खुपसायचं नाही. होल्स्टर बाहेर काढा, डोळ्यांसमोर त्यात पिस्तूल बसवा, मग दोन्ही मिळून खिशात.

खिशात कापसाचे धागे आणि घाम दोन्ही असतात. ह्यूस्टनच्या दमट हवेत आठवड्याला एकदा पुसलं नाही तर स्लाइडवर तांबूस ठिपके येतात. आणि रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी तीच गोळी पुन्हा भरत असाल तर ती गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. वारंवार आपटून टोक आत दाबलं जातं, ती किंचित बुटकी दिसते. अशी गोळी झाडली तर आतला दाब धोकादायक वाढतो. बुटकी झालेली बाजूला काढा. त्यापेक्षा बरं म्हणजे पिस्तूल होल्स्टरसकट, भरलेलं, तिजोरीत ठेवायचं आणि उगाच हाताळायचं नाही.

घरात

मुलं असोत नसोत, तिजोरी हवीच. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे, ही जागा पाहुण्यांच्या पोरालाही दहा मिनिटांत सापडते. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. बोटाच्या ठशाच्या स्वस्त तिजोऱ्यांवर माझा विश्वास नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा सुमारे ६१ हजार परत बोलवाव्या लागल्या, कारण त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. यांत्रिक बटणांचं कुलूप घ्या, कोड वाढदिवसाचा ठेवू नका, आणि तिजोरी भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने आवळा.

हेही बोलायला हवं: अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणी नैराश्यात असेल, नोकरी गेली असेल, टीनएजर गप्प गप्प असेल तर पिस्तूल आत्ता घेऊ नका. घेतलेलं असेल तर काही काळ घराबाहेर, कायदेशीर मार्गाने सुरक्षित ठेवता येतं का ते बघा. ९८८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

विमानतळ

खिशातलं पिस्तूल इतकं हलकं की ते जवळ आहे हेच विसरायला होतं. २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. यादीत अटलांटा पहिलं आणि आपलं डॅलस-फोर्ट वर्थ दुसरं. हजारो डॉलर दंड होतो, वर पोलीस.

भारतात जाताना तर पिस्तूल न्यायचा प्रश्नच नाही, पण खरी गंमत गोळीची आहे. रेंजवर नेलेली बॅग, त्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस, आणि तीच बॅग दिवाळीच्या प्रवासाला. जाताना इथे कुणाला दिसलं नाही तरी परतीच्या वाटेवर मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसतं, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात मान्य होऊ शकतं, पण तोवर विमान चुकलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकिलाची फी चालू झालेली असते. म्हणून रेंजची बॅग कायमची वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करने मोठं लिहा. आणि निघायच्या आदल्या रात्री प्रवासाची प्रत्येक बॅग, जॅकेटचा प्रत्येक खिसा उलटा करून झटका.